आक्का, सांडव्यावरचे दगड मी पाहिले होते

‘बाईसाहेब गेल्या. ताबडतोब निघून यावे.’

पटवाऱ्याच्या हातची एवढीच चिठ्ठी होती, आक्का. मी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि जेवायला बसलो.

तुझ्याशी काय खोटं बोलू? पोटभर जेवलो. पुलाच्या कामावरचा डेरा, तीन दिवसांच्या पावसानंतर पहिल्यांदा चूल धड पेटलेली, आचाऱ्याने वरण-भात केला होता. नदीला पूर होता म्हणून तुझ्या सेमलखेडी गावच्या माणसाने चिठ्ठी दगडाला बांधून अलीकडे फेकली, ती माझ्या बेलदाराने उचलून आणली. पलीकडून तो माणूस काहीतरी ओरडत होता म्हणे. पाण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू आलं नाही.

तुझ्या मागच्या पत्रात होतं की धारच्या तुझ्या जाऊबाईंचं दुखणं वाढलंय, एकदा जाऊन यायला हवं. तेव्हा ‘गेल्या’ म्हणजे धारला गेल्या. मला बोलावलंय ते घर सांभाळायला, नाहीतर आप्पांच्या इनामी शेताची काहीतरी भानगड निघाली असेल. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. पाणी उतरेपर्यंत मी अंमळ आडवा झालो. झोपही लागली.

आज तुला जाऊन पंधरा दिवस झाले. तेराव्याची पंगत उठली, धारची मंडळी परत गेली. मी अजून तुझ्याच घरात आहे, आणि अजून त्या जेवणापाशीच अडकलोय. इकडे तुला ओसरीवर निजवून सगळं गाव माझी वाट बघत बसलेलं, आणि तिकडे मी आचाऱ्याला सांगतोय, वरणात हिंग जास्त पडलाय.

तिसऱ्या प्रहरी नदी उतरली. तट्टू घालून पार झालो. वाटेत मी काय विचार करत होतो तेही सांगतो, कारण तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगणार? मी म्हणत होतो, बरं झालं, आक्का गावात नाही. आता तिच्या पाठीमागे तलावाच्या सांडव्यावरचे ते दगड काढून टाकतो. आल्यावर भांडेल, चार दिवस अबोला धरेल, आणि मग गप्प बसेल. भांडणात काय बोलायचं तेसुद्धा जुळवत होतो.

वेशीवर चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव तुझ्या घरासमोर. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. मला वाटलं तंटा झालाय. मी तट्टावरूनच विचारलं, “काय झालं रे? आक्का कधी निघाली?”

रामाजी पटेल उठला. तलावाचं काम निघाल्यापासून जो दर दोन दिवसांनी तुझ्याशी भांडला आणि दर तिसऱ्या दिवशी तुझ्या सांगण्याप्रमाणे वागला, तोच रामाजी. त्याने पागोटं काढून हातात घेतलं. “भिया,” तो म्हणाला, “बाईसाब नी रिया.”

लहानपणापासून मी मालवी ऐकत आलो. ‘नी रिया’ म्हणजे राहिल्या नाहीत, हे मला काय कळत नाही? तरी मी म्हणालो, “हो, धारला गेल्या ना, कळलं मला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पुढे येऊन त्याने तट्टाचा लगाम धरला आणि मला हात देऊन खाली उतरवलं. मी चाळिशी उलटलेला माणूस, दरबारचा ओव्हरसियर. मला आयुष्यात पहिल्यांदा तट्टावरून उतरायला दुसऱ्याचा हात लागला.

ओसरीवर तू होतीस. बायकांनी कोरडं आलवण गुंडाळलं होतं. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख निघालेलं. कपाळावर एवढीशी खोक, तीही धुऊन पांढरी पडलेली. तुझ्या पायांशी बसलो, आणि रडायचं सोडून माझं डोकं गणित करायला लागलं. सांडव्याची रुंदी इतकी, त्यावर पाण्याची उंची इतकी, तर वेग किती. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा उत्तर आलं आणि मला कळलं की त्या वेगात रेडासुद्धा उभा राहिला नसता.

तुझं सगळं आयुष्य इथे लिहीत नाही. ते तुला माहीत आहे. बाविसाव्या वर्षी कडेवर यमीला घेऊन तू धारहून माहेरी परत आलीस, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. त्याच्याही आधी, तुझ्या लग्नाअगोदर, मला धुळाक्षरं तूच गिरवायला लावलीस. पुण्याला शिकायला जाऊ द्या म्हणून आप्पांशी माझ्या वतीने तूच भांडलीस. आप्पा गेल्यावर मी नोकरीत गुंतलो, आणि सेमलखेडीची जमीन बघायला तू यमीला घेऊन या गावात राहायला आलीस. लोक म्हणाले, विधवा बाई एकटी खेड्यात काय करणार. मीही म्हणालो होतो. तू म्हणालीस, “देवासला राहून तरी काय करते? तुझ्या बायकोच्या भाकऱ्यांवर नजर ठेवते.”

मग छप्पन्याचं साल आलं, संवत छप्पन्नचा तो मोठा दुष्काळ. त्यावर आपण दोघं कधीच नीट बोललो नाही.

मी तेव्हा धारकडे होतो, गंधवानीच्या डोंगरात, दुष्काळी कामावर. हजारो माणसं खडी फोडत होती आणि मी रस्ता आखत होतो. इकडे सेमलखेडीची विहीर आटली. तळाशी चिखल राहिला, तो तुम्ही फडक्यातून पिळून प्यायलात. पटकीची साथ आली आणि यमी दीड दिवसात गेली. आठ वर्षांची पोर. निरोप मला सतरा दिवसांनी मिळाला. मी आलो तेव्हा तू दळत होतीस. जात्यावरून उठली नाहीस. म्हणालीस, “पाणी मागत होती रे. शेवटपर्यंत पाणीच मागत होती. आणि मी देत नव्हते, कारण त्या पाण्यानेच तिला झालं होतं.”

बऱ्याच वर्षांनी, एकदा असंच बोलता बोलता तू विचारलंस, “बापू, त्या हजार माणसांकडून रस्ता का करून घेतलात? तलाव का नाही खणून घेतलेत?” मी म्हणालो, वरून हुकूम रस्त्याचा होता. तू म्हणालीस, “असेल.”

मग तू स्वतःच तलाव काढलास.

गावाच्या वरच्या अंगाला दोन टेकड्यांमधून नाला येतो. पावसाळ्याचे चार महिने धो धो वाहायचा आणि माघात त्याच्यात गुरांना जीभ ओली करण्यापुरतंही पाणी नसायचं. त्या दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घालायची, असं तू मला पत्राने कळवलंस. विचारलं नाहीस, कळवलंस. मी दुर्बीण घेऊन आलो, उतार मोजले, चुन्याच्या रेघा मारल्या. पाळीच्या पोटात काळी माती ठोकून बसवायची, वरच्या अंगाला दगड लावायचे, पाळीवर झाड म्हणून लावायचं नाही, मुळं माती फोडतात. हे सगळं तू एकदा ऐकलंस आणि मग मलाच ऐकवायला लागलीस. घरटी एक माणूस, दोन उन्हाळे. मातीकाम करणारे ओड लोक गाढवं घेऊन आले. तू डोक्यावर आलवण ओढून उन्हात उभी राहायचीस आणि माती नीट ठोकली नाही तर पायाने उकरून दाखवायचीस. रामाजी मला म्हणायचा, “भिया, थाकी बेन तो फौजदार है.” तुमची बहीण म्हणजे फौजदार.

सगळ्यांना तू आवडत नव्हतीस, हेही खरं. मलाही कित्येकदा नाही. खालच्या बलाई वस्तीतल्या, वरची आळी ज्यांना शिवत नाही त्या बायकांनी पाळीवर सगळ्यांत जास्त पाट्या वाहिल्या, त्यांच्यात ती गेंदी पुढे, आणि घाट बांधायची वेळ आली तेव्हा तू त्यांचा घाट वेगळा, टोकाला ठेवलास. मी चिडलो. तू म्हणालीस, “मी नाही ठेवला तर वरच्या आळीचे पाळीला हात लावणार नाहीत. आधी पाणी साठू दे, मग तुझी सुधारणा कर.” मी म्हणालो, “तुला स्वतःला काय वाटतं ते सांग.” त्यावर तू सोवळ्याच्या पाण्याची घागर उचलून आत गेलीस. तो वाद तिथेच राहिला. मला अजूनही ठाऊक नाही तुला स्वतःला काय वाटत होतं.

आणि दुसरा वाद सांडव्याचा.

मातीची पाळ पाण्याचा भार सोसते, पण तिच्या डोक्यावरून पाणी गेलं की घटकाभरात वाहून जाते. म्हणून एका टोकाला, जिथे कठीण मुरूम आहे तिथे, पाळीपेक्षा खाली एक वाट ठेवायची. तलाव भरला की जास्तीचं पाणी त्या वाटेने निघून गावाला वळसा घालून नाल्याला मिळतं. हाच सांडवा. मी तो पाळीच्या चार हात खाली धरला होता. तू म्हणालीस, दोन हात पुरे. आठवतं? इथेच ओसरीवर, तू सुपात हरभरे पाखडत होतीस.

“चार हात म्हणजे केवढं पाणी तू सोडून देतोस, कळतं का तुला?”

“सोडून देत नाही, आक्का. पाळ वाचवतो.”

“कुणासाठी वाचवतोस? पाळ काय प्यायचीय?”

मी तीन हातांवर आलो. ओव्हरसियर म्हणून यायला नको होतं. पण तुला पाणी सोड म्हणून सांगायला माझं तोंड उघडेना. सतरा दिवसांनी आलेला माणूस मी.

पहिल्याच पावसाळ्यानंतर खालच्या विहिरींना माघातही पाणी राहिलं. निमाडात मजुरीला गेलेली बावीस घरं परत आली. उन्हाळ्यात लोक तलावातला गाळ खणून आपल्या माळावर नेऊन टाकायला लागले, आणि जिथे नुसतं कुसळ उगवायचं तिथे हरभरा झाला. हाटपिपल्याचे कहार येऊन शिंगाड्याचे वेल सोडून गेले. मागच्या दिवाळीला मी आलो तेव्हा तू मला धोतर बदलू न देता घाटावर नेलंस. कहारीण मडक्यात बसून पाण्यावर तरंगत शिंगाडे तोडत होती. तू एक सोलून माझ्या हातावर ठेवलास. मी तुला इतकी खूश यमी जन्मली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माझी नजर सांडव्याकडे गेली.

तिथे दगड होते. दीड हात उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये बाभळीचे खुंट ठोकलेले आणि फटींत काळी माती. चांगलं काम होतं. माझ्याकडच्या बेलदारांनी केलं असतं तर मी शाबासकी दिली असती.

“हे कुणी केलं?”

“मी आणि गेंदीने. दोन दुपारी लागल्या.”

मी ओरडलो. तुला लोकांसमोर काय वाटेल ते बोललो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “झालं? आता शिंगाडा खा.” जेवताना म्हणालीस, पुढच्या पावसाळ्याआधी काढीन. मी म्हणालो, नक्की? तू म्हणालीस, नक्की.

मी रामाजीला सांगू शकलो असतो. चार गडी लावून त्याच दिवशी काढून टाकू शकलो असतो. हात माझे नव्हते का? मी देवासला परत गेलो. शिमग्याला एक पत्र लिहिलं, त्यात शेवटी एक ओळ घातली, ‘दगडांचे लक्षात असू द्यावे.’ बस. पावसाळा लागला तेव्हा मी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं.

आता त्या दिवसाचं. तू तिथे होतीस, पण लोकांनी मला सांगितलं तसं मी तुला सांगतो, कारण ऐकताना मी एक शब्द बोललो नव्हतो आणि कुठेतरी तो बोलायला हवा.

भाद्रपदातला पाऊस, दोन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी उजाडता रामाजी पाळीवर गेला तर वर हातभर जागा उरलेली. तो धावत आला. “बाईसाब, पाणी माथा पे अई ग्यो.” तू पूजेला बसली होतीस, तशीच उठलीस. आधी गेंदीला पाठवून खालची सगळी बलाई वस्ती देवळाच्या टेकडीवर चढवलीस, म्हाताऱ्यांना खाटेवर घालून. वरच्या आळीचे दोघं-तिघं म्हणाले, सांडव्याचे दगड आता निघणार नाहीत, पाळच दुसऱ्या टोकाला फोडू. ते टोक बरोबर बलाई वस्तीच्या वर. तू विचारलंस, “आणि त्यांची घरं?” ते म्हणाले, माणसं तर वर आलीत ना. तू म्हणालीस, “पाळीला जो कुदळ लावेल त्याने आधी मला लावायची.” हे मला रामाजीने सांगितलं, आणि ती कुदळ तेव्हा त्याच्या स्वतःच्या हातात होती हेही त्यानेच सांगितलं.

मग सगळे सांडव्यावर गेले. दोन्ही काठांकडून पुरुषांनी दगड सुटे केले. पाणी जोरात वाहायला लागलं, पण मधले हलेनात. मध्ये तुझे खुंट होते. कुठला खुंट कुठल्या दगडाला धरून आहे ते तुला आणि गेंदीलाच ठाऊक. रामाजी म्हणाला, सांगा, मी जातो. तू सांगायचा प्रयत्न केलास म्हणे. इकडचा तिसरा, त्याच्या खालचा, नाही, तो नाही. मग कंटाळून आलवण खोचलंस, कुऱ्हाड घेतलीस, कमरेला दोर बांधलास. दोराचं दुसरं टोक गेंदीने आपल्या कमरेला गुंडाळलं.

पहिला खुंट तू तोडलास. दुसराही. तिसऱ्याला मध्येच थांबून तू वळून काहीतरी बोललीस. काय बोललीस, ते कुणालाच ऐकू आलं नाही. मी प्रत्येकाला विचारलंय, आक्का. वेगवेगळं विचारलंय, एकत्र बसवून विचारलंय. कुणालाच नाही.

तिसरा खुंट तुटला आणि सगळं एकदम सुटलं.

गेंदी वीस हात फरफटत गेली. दोर कापला तो मुरमाच्या धारेवर. तिची कंबर अजून सोललेली आहे, पण ती एवढंच म्हणते, “म्हारा हात से डोर छूटी गई.” मी तिला दोराचं कापलेलं टोक दाखवलं, हातातून सुटला नव्हता गं, म्हणून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली. तुला तिनेच बाहेर काढलं, खालच्या बाभळींमधून. पुरुष नाल्याकाठी उभे होते, कुणी तुला हात लावावा यावर त्यांचा विचार चालला होता. ती आत शिरली, तुला खांद्यावर घेतलं आणि वरच्या आळीतून, देवळासमोरून, थेट तुझ्या ओसरीवर आणून निजवलं. हाटपिपल्याहून भटजी आले, त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन शुद्धीचं काढलं. मी म्हणालो, “गुरुजी, तिला कसली शुद्धी? ती तीन घटका पाण्यात होती.” ते पूजेच्या सामानाकडे वळले. तुला हे आवडलं असतं की नाही, देव जाणे. मी विचारायला थांबलो नाही, एवढं मात्र पहिल्यांदाच झालं.

पाळ राहिली, आक्का. एक ढेकूळ हललं नाही. खालच्या वस्तीत उंबऱ्यापर्यंतसुद्धा पाणी गेलं नाही. तुझ्याखेरीज गावात कुणाचा जीव गेला नाही.

तुला अग्नी देऊन आम्ही परत येत होतो तेव्हा मी तलाव पाहिला. पाऊस थांबलेला, पाणी अगदी स्वस्थ. त्यात दोन म्हशी निवांत डुंबत होत्या. मला इतका संताप आला की मी दगड उचलून मारला. म्हशींना लागला नाही. रामाजीने माझा हात धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला.

आणखी एक गोष्ट आहे. श्रावणातल्या तुझ्या पत्रात एक ओळ होती: ‘सांडव्याचे काम काढायचे आहे, दोन चांगल्या पहारी पाठव.’ मी ती वाचून भडकलो होतो. म्हटलं, आणखी उंच करते आहे! पहारी पाठवल्या नाहीत. आता ते पत्र रोज काढून वाचतो. काम काढायचंय म्हणजे नवं काम, की काढायचंय म्हणजे दगड काढायचेत? गेंदीला विचारलं, तिला तू काही बोलली नव्हतीस. रामाजीलाही नाही. तू दिलेला शब्द पाळणार होतीस, आणि मी पहारी दिल्या नाहीत? की मी समजलो तेच खरं? दोन्हींतलं कुठलंही खरं निघालं तरी मला झोप लागणार नाही, पण कळलं असतं तर बरं झालं असतं. एक ओळ जास्त लिहिली असतीस तर काय बिघडलं असतं? पत्राचं अर्धं पान कोरं आहे.

रागावलोय मी तुझ्यावर. पंधरा दिवस लोक माझ्याकडे येऊन तुझे गुण सांगतायत, आणि मी हो हो करतोय, आणि आतून ओरडतोय की कुऱ्हाड घेऊन पाण्यात जायचं वय होतं का तुझं? पन्नाशीला आलीस. मग आठवतं की मला पोहायला शिकवायचं म्हणून आप्पांनी मला विहिरीत ढकललं होतं, तेव्हा काठावरून नेसत्या लुगड्यानिशी उडी मारणारी तूच होतीस. तुला पोहता येत नव्हतं. आपल्या दोघांना आप्पांनी वर काढलं. हे मी विसरूनच गेलो होतो. या ओसरीवर बसून परवा आठवलं.

तेराव्यानंतर गाव जमलं. रामाजी म्हणाला, सांडव्याशी बाईसाबच्या नावाचा चबुतरा बांधू. मी म्हणालो, सांडव्याशी काहीही बांधायचं नाही. तो मी आधी धरला होता तसा चार हातांवर नेणार, आणि दुप्पट रुंद करणार. सगळे खाली बघायला लागले. इतकं पाणी जाणार, हे प्रत्येकाच्या मनात.

मागून गेंदी बोलली. बायका अशा बैठकीत बोलत नाहीत. ती उभी राहिली, कमरेला हात धरून. “जो पाणी छूटेगा, उके नीचे रोकां.”

सुटलेलं पाणी खाली अडवू. इतकी साधी गोष्ट, आक्का. आपण दोघांनी एका सांडव्यावर चार वर्षं भांडण केलं, आणि खाली दुसरी छोटी पाळ घालावी, हे तुलाही सुचलं नाही आणि पुण्याला शिकून आलेल्या मलाही नाही. मी विचारलं, खाली कुठे? तिने हात केला. तिथे आप्पांचं इनामी शेत आहे, काळं, गव्हाचं, ज्याच्या बांधावरून तू रामाजीची गाय जाऊ दिली नाहीस. मी जमीन देतो म्हणालो. तुझ्या धारच्या दिरांना हे पसंत पडलं नाही. देवासला माझ्या घरीही पसंत पडणार नाही. तुला पसंत आहे असं मी कुणाला सांगत नाही. तुझ्या तोंडी शब्द घालणार नाही मी. जमीन माझ्या मनाने दिली.

आज सकाळी सांडवा उतरवायला घेतला. दुर्बीण लावली, खुणा केल्या. दहा गडी आणि मी. तलाव काठोकाठ भरलेला. मुरमाचा एकेक थर निघत गेला तसं पाणी वाढत्या धारेने जायला लागलं. घाटावर बायका येऊन उभ्या राहिल्या. कुणी रडत नव्हतं, ओरडत नव्हतं, नुसत्या बघत होत्या. चांगलं स्वच्छ पाणी, आक्का, तळाचा दगड दिसावा असं, आणि ते चाललं होतं, थांबत नव्हतं.

अर्धा हात उतरला आणि मला पुढे सांगवेना. माझा हात आपोआप वर झाला, गडी थांबले. त्या पाण्याकडे बघताना तुला आजवर काय होत होतं ते मला पहिल्यांदा कळलं. मनात आलं, एवढ्यावर राहू दे. यंदाचा पाऊस आता संपलाच. पुढच्या वर्षी बघू.

रामाजी पाण्यात उभा होता, पहार मुरमात रुतवून. त्याने मान वर करून विचारलं, “और, भिया?”

मी पुन्हा दुर्बीण लावून खूण पाहिली; अजून अर्धा हात उतरायचा होता.

मग मी म्हणालो, “और.”